पुण्याला बिऱ्हाड हलवताय? आधी परतीची गाडी शोधा

गावाहून पुण्याला सामान न्यायचं असेल, तर ट्रक ठरवण्याआधी तालुक्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे एक चक्कर मारा. तिकडून माल घेऊन आलेली गाडी रिकामी परत जाण्यापेक्षा कमी भाड्यात तयार होते. तारीख दोन-तीन दिवस मागंपुढं चालणार असेल तरच हा सौदा जमतो. दिवाळीच्या आसपास मात्र नको, तेव्हा सोयाबीन-कापसाची धावपळ असते.

टोल कोणाकडे, चढवायची हमाली किती, उतरवायची किती, हे वेगवेगळं विचारून कागदावर लिहून घ्या. आमच्या गल्लीत ट्रक शिरलाच नाही. घरापासून फाट्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा झाल्या, अन् ते पैसे आम्ही कुठंच धरले नव्हते! तिकडे घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर तेही आधीच सांगा.

गॅस सिलिंडर सामानात चढवू नका. कागदपत्रांसह सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या.

आणि तो पत्र्याचा मोठा कूलर? कपाटाएवढी जागा खातो. पुण्यात आपल्यासारखं ऊन नाही. भावाला देऊन टाका.