रीफ टँकमध्ये दगड रचताना: या चुका टाळा

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळं) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, पहिल्यांदा लावताना लाइट कुठला घ्यायचा, फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारा स्किमर किती मोठा लागेल, मीठ कुठल्या कंपनीचं बरं, यावर आपण आठवडेच्या आठवडे घालवतो आणि दगड मात्र एका संध्याकाळी रचून मोकळे होतो. लाइट पुढे बदलता येतो, स्किमर विकून मोठा घेता येतो. दगडांना एकदा कोरल चिकटली, वाढली, एकमेकांत गुंतली, की ती रचना काही वर्षं तशीच राहते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की दगड रचताना आधी पाणी कुठून वाहील ते ठरवा. रचना दिसते कशी, हा प्रश्न त्यानंतरचा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

उदाहरणासाठी ९० × ४५ × ४५ सेंमीचा टँक धरू. काठोकाठ भरला तर त्यात साधारण १८० लिटर पाणी मावतं.

दगड निवडताना

कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावर छिद्रांचा पांढुरका तुकडा दिसला की हात शिवशिवतात. तो तिथेच राहू द्या. आपल्याकडे प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्या रांगेत. प्रवाळ मेलेलं आहे, वाळलेलं आहे, ही सबब नाही. मालवण, लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, नियम सगळीकडे सारखाच. मुंबईत कोस्टल रोडच्या कामाच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं आली, तेव्हा २०२० मध्ये परवानगी घेऊन ती दुसरीकडे हलवावी लागली. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आधीच थोडं आहे आणि आपला छंद त्याच्याच प्रेमातून सुरू होतो. ते ओरबाडून घरातला टँक सजवण्यात काय अर्थ? दुकानात ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातला, जिवाणू वसलेला दगड) म्हणून काही समोर आलं तर ते कुठून आलं ते विचारा. उत्तर गुळमुळीत असेल तर घेऊ नका. जमिनीतून खणून काढलेल्या प्राचीन प्रवाळखडकाचा ड्राय रॉक किंवा खास टँकसाठी बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक दगड नवशिक्याला पुरेसा आहे. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यावर आपण वसवायचे असतात आणि ते वसतातही.

दुसरा मोह जांभ्याचा. छिद्रं भरपूर, कोकणात हवा तेवढा मिळतो, मग का नाही? कारण जांभ्यात लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं ठासून भरलेली असतात. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टँकमध्ये जांभा मुळाशी घालतात तो या लोहासाठीच. रीफमध्ये तेच लोह शेवाळाला खतपाणी घालतं, शिवाय दगड झिजून तांबडी भुकटी सुटत राहते. आपला काळा पाषाण त्या मानाने निरुपद्रवी, पण जड आणि घट्ट. त्याच्या पोटात जिवाणूंना जागाच नसते. दगडावर व्हिनेगर टाकून फसफसतो का ते बघायचं, ही जुनी चाचणी. त्यातून दगडात चुना आहे एवढंच कळतं. संगमरवरही फसफसतो, पण तेवढ्यावरून तो रीफला चांगला ठरत नाही.

जुना, कुणाच्या तरी टँकमधून आलेला दगड ‘निर्जंतुक’ करण्यासाठी कधीही उकळू नका आणि त्यावर उकळतं पाणीही ओतू नका. काही झोअँथिड आणि पॅलिथोआ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते वाफेबरोबर घरभर पसरतं. अशा वाफेमुळे अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. असा दगड हाताळताना हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा.

ड्राय रॉक धुऊन थेट टँकमध्ये गेला, तर त्यात साठलेलं फॉस्फेट महिनोन्‌महिने पाण्यात उतरत राहतं. आधी तो आरओच्या पाण्यात, पंप चालू ठेवून, काही आठवडे भिजत ठेवा. फॉस्फेट मोजा, पाणी बदला, पुन्हा मोजा.

पाया वाळूवर

सगळ्यात धोकादायक चूक हीच. आधी सुंदर पांढरी वाळू पसरायची, मग त्यावर दगड मांडायचे. पहिल्या दिवशी सगळं स्थिर दिसतं. पुढे वाळू चाळणारा गोबी मासा येतो, किंवा पिस्टल श्रिंप (एक कोळंबी) बिळं खणायला लागतो. त्यांना तुमच्या रचनेचं सोयरसुतक नसतं. ते दगडाखालची वाळू उपसतात आणि एका रात्री वरचा चार किलोचा दगड सरकतो. खाली कोरल असेल तर चिरडतं, मासा असेल तर दबतो. काचेवर कोपरा आदळला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून क्रम असा: आधी दगड थेट तळाच्या काचेवर, मग त्यांच्याभोवती वाळू, शेवटी पाणी. काचेवर टोकदार भार येऊ नये म्हणून खाली प्लास्टिकची चौकोनी जाळी किंवा पातळ ॲक्रिलिक शीट घालता येते. वाळू आधीच पडली असेल, तर दगड गोल फिरवत खाली दाबा. काचेला टेकल्याचं हाताला नीट कळतं.

कोकणात गडगा घालणारा माणूस चुना-सिमेंटशिवाय दगडावर दगड रचतो आणि तो पावसाळ्यामागून पावसाळे उभा राहतो. तो प्रत्येक दगड फिरवून, उलटून, डुगडुगायचा थांबेपर्यंत बसवतो. टँकमध्येही हेच करायचं. प्रत्येक दगड खालच्या दगडांवर किमान तीन ठिकाणी टेकला पाहिजे. दोन ठिकाणी टेकलेला दगड आज ना उद्या हलणारच. रचना झाली की प्रत्येक दगड बोटाने बाजूला ढकलून बघा. हलला तर काढा, वेगळा बसवा. पाण्यात दगड हलका होतो, गोगलगायी आणि खेकडे त्याला धक्के देतात, काच घासताना तुमचं कोपर लागतं. कोरडा असताना जो जेमतेम उभा आहे, तो पाण्यात टिकणार नाही.

हे सगळं टँकबाहेर करा. टँकच्या तळाएवढा पुठ्ठा कापा, तो जमिनीवर ठेवा आणि त्यावर रचना करून बघा. दोन-चार दिवस ती तशीच ठेवून येता-जाता वेगवेगळ्या बाजूंनी बघा. मनासारखी जमली की सांधे जोडा. जेल प्रकारचा सुपरग्लू दोन्ही बाजूंना लावून सांध्यात कोरडी कोरल-वाळू शिंपडली की काही मिनिटांत दगडासारखा घट्ट जोड तयार होतो. कमान किंवा पुढे झुकलेला दगड हवा असेल, तर ड्रिलने भोक पाडून आत ॲक्रिलिकची सळई घाला. लोखंडी स्क्रू, तांब्याची तार, घरात सापडलेला खिळा यांतलं काहीही चालणार नाही. तांबं तर कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांच्यासाठी विषच आहे. टँक चालू असताना दोन घटकांची एपॉक्सी पुटी वापरलीत तर स्किमर एक-दोन दिवस वेड्यासारखा फेसाळतो. तो बिघडला असं समजू नका, आपोआप ताळ्यावर येतो.

मागच्या काचेला टेकलेली भिंत

नवशिक्यांच्या टँकमध्ये ही चूक सर्रास दिसते. मागच्या काचेला टेकवून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दगडांचा ढीग. यामागे एक जुना हिशोब आहे. पाण्याच्या दर लिटरला सुमारे १२० ते २४० ग्रॅम लाइव्ह रॉक हवा, असं पूर्वी सांगत. त्या हिशोबाने आपल्या टँकला २० ते ४० किलो दगड लागेल. हा नियम आला तेव्हा पाणी शुद्ध ठेवण्याची जवळजवळ सगळी जबाबदारी दगडावर होती. आता चांगला स्किमर असतो, संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) सच्छिद्र सिरॅमिक घालता येतं. दगड सच्छिद्र असेल तर या टँकला १२ ते १८ किलो भरपूर झाला. उरलेल्या मोकळ्या जागेत मासे पोहतात, कोरल वाढतात.

भिंतीचा खरा तोटा मात्र तिच्या मागे दडलेला असतो. वेव्हमेकरचा (पाणी घुसळणाऱ्या पंपाचा) प्रवाह भिंतीवर आपटून परततो आणि मागे पाणी जवळजवळ थांबतं. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य तिथे जाऊन बसतं, कुजतं, नायट्रेट आणि फॉस्फेट चढत राहतं. तुम्ही पाणी बदलता, आकडा उतरतो, आठवड्यात पुन्हा चढतो. मग खाद्य कमी करता, महागडी औषधं आणता. दगडांच्या बुडाशी आणि कोपऱ्यांत लालसर, बुळबुळीत थर पुन्हापुन्हा येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया आहेत. मंद प्रवाह आणि साठलेला गाळ त्यांना फार मानवतो. बाटलीतल्या औषधाने थर जाईल, पण त्यामागची रचना तशीच राहील.

मापं सांगतो. दोन्ही बाजूंच्या काचांपासून ८ ते १० सेंमी, पुढून किमान १० सेंमी, मागून ५ ते ७ सेंमी जागा सोडा. म्हणजे ४५ सेंमी रुंदीत दगडांना २८ ते ३० सेंमी मिळतात. कागदावर हे कमी वाटतं, पण टँकमध्ये ऐसपैस दिसतं. कसोटी सोपी आहे: काच घासायचं चुंबक चारही बाजूंनी अडथळ्याशिवाय फिरलं पाहिजे आणि तुमचा हात प्रत्येक दगडामागे पोहोचला पाहिजे. जिथे हात जात नाही, तिथली साफसफाई कधीच होणार नाही.

एका भिंतीऐवजी दोन बेटं करा, एक मोठं, एक लहान, मधे वाळूची वाट. अगदी सारख्या आकाराची दोन बेटं कृत्रिम दिसतात. मोठं बेट साधारण दोन-तृतीयांश आणि लहान एक-तृतीयांश ठेवलं की डोळ्याला बरं वाटतं. बेटांमध्ये आरपार भोकं, कमानी, खालून वाटा ठेवा. मिश्र कोरलच्या टँकमध्ये पाण्याच्या किमान २० पट प्रवाह तासाला फिरावा, म्हणजे आपल्याकडे ३,६०० लिटर. तो एका तोंडातून सोसाट्याने सोडू नका. दोन लहान वेव्हमेकर समोरासमोर लावून प्रवाह एकमेकांवर आदळवला, तर पाणी सगळीकडे घुसळलं जातं.

रचना बरोबर आहे का हे पाहण्यासाठी पाणी भरल्यावर चिमूटभर बारीक खाद्य टाका आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. कण जिथे जाऊन थांबतात, तिथेच उद्या गाळ साठणार. कोरल नसतानाच तो दगड थोडा वळवा, पुन्हा खाद्य टाका.

उंची, उजेड आणि उद्याची वाढ

दगड पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नेऊ नका. ४५ सेंमीच्या टँकमध्ये शिखर २८ ते ३० सेंमीवर थांबवा. त्याच्या वर कोरल वाढायची आहेत. उतार फार खडा ठेवला तर कोरल ठेवायला जागाच उरत नाही, म्हणून वेगवेगळ्या उंचीवर तळहाताएवढे सपाट कट्टे ठेवा. जास्त उजेड मागणारी ॲक्रोपोरासारखी कोरल वर, मशरूम आणि बहुतेक मऊ कोरल खाली. एकाच उंचीचं पठार केलंत तर ही मुभाच राहत नाही.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया या कोरलना मुख्य रचनेवर कधीही लावू नका. ती दगडामागून दगड व्यापतात आणि निघता निघत नाहीत. त्यांच्यासाठी वाळूत एक सुटा दगड वेगळा ठेवा. टॉर्च, हॅमर, गॅलेक्सिया या कोरलच्या दंश करणाऱ्या लांब शुंडांचा अंदाज घेऊन शेजारी सोडा. गॅलेक्सियाच्या शुंडा तर वीतभर लांब जाऊ शकतात.

माशांसाठी गुहा ठेवा, पण प्रत्येक गुहेला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या बिळात दबकलेल्या माशाला डॅमसेलसारखा भांडखोर मासा तिथेच कोंडून मारतो. दोन बेटांमुळे माशांना एकमेकांची नजर चुकवता येते आणि हाणामारी कमी होते.

रचना आधीच चुकली असेल तर

आधी घाई आवरा. नव्या टँकमध्ये पहिल्या दोन-तीन महिन्यांत दगडांवर तपकिरी थर येतो, तो बहुधा डायॅटमचा असतो आणि आपोआप ओसरतो. त्यासाठी रचना मोडू नका. गाळ थोडाच साठत असेल तर वेव्हमेकरची दिशा बदलून बघा. दर आठवड्याला पाणी बदलण्याआधी पिचकारीने दगडांमागे फवारा मारा आणि उठलेला गाळ नळीने ओढून घ्या.

एवढ्यानेही भागत नसेल तरच दगड हलवा, आणि सगळे एका दिवशी नाही. एका वेळी टँकचा तिसरा हिस्सा घ्या. आधी त्या भागातला गाळ नळीने उपसा, टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत कोरल असलेले दगड ठेवा, तापमान २५-२६ अंश राहील याकडे लक्ष द्या. दगड मागच्या काचेपासून सोडवून, खाली काचेपर्यंत बसवून जोडा. संपमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा. तो शून्य असेल आणि मासे नेहमीसारखे खात असतील, तर दोन आठवड्यांनी पुढचा हिस्सा घ्या.