‘कायदो इलो रे!’ म्हणण्याआधी : विधेयकांच्या बाबतीत या चुका टाळा

जून-जुलैत आमच्या बंदरावर होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं पडवीत बसून फाटकी जाळी तुणत असतात. यांत्रिक नौकांना ३१ जुलैपर्यंत बंदी. नेमकं याच दिवसांत, बहुधा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दिल्लीत संसदेचं पावसाळी अधिवेशन सुरू होतं. हाताला काम कमी आणि मोबाइलमध्ये डेटा भरपूर, त्यामुळे अधिवेशनाच्या बातम्या आमच्याकडे पावसापेक्षा जोरात कोसळतात.

२०२१ च्या जुलैत असाच एक संदेश फिरला. मासेमारीचा नवा केंद्रीय कायदा आला, खोल समुद्रात जायला आता दिल्लीचा परवाना. ‘कायदो इलो रे!’ म्हणत शेजारचे तात्या छत्री न मिटताच पडवीत शिरले. मच्छीमार सोसायटीची निवेदनं बरीच वर्षं मीच लिहितो. त्याच रात्री मी दोन पानी निवेदन लिहिलं, ‘हा अन्यायी कायदा तात्काळ रद्द करावा’. शंभरेक सह्या झाल्या, अंगठे वेगळेच. नंतर कळलं की रद्द करायला कायदाच नव्हता. भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयक त्या अधिवेशनात मांडायच्या यादीत होतं, इतकंच. ते मांडलं गेलंच नाही.

ती चूक माझी. पुढे आणखीही केल्या. त्यातल्या कामाच्या तेवढ्या सांगतो.

यादीला कायदा समजू नका

अधिवेशन कधी घ्यायचं हे सरकार ठरवतं. मंत्रिमंडळाची संसदीय कामकाज समिती तारखा सुचवते, राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना बोलावतात. वर्षातून तीन अधिवेशनं ही रीत आहे, राज्यघटनेत तसं लिहिलेलं नाही. अनुच्छेद ८५ एवढंच म्हणतो की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. अधिवेशनाआधी संसदीय कामकाज मंत्रालय प्रत्येक खात्याला विचारून घेतं, तुमचं कोणतं विधेयक तयार आहे? त्यातून यादी बनते, सर्वपक्षीय बैठक होते आणि बातमी येते की ‘या अधिवेशनात इतकी विधेयकं’.

ही यादी म्हणजे लग्नघरातली बाजारहाटाची यादी. लिहिलेलं सगळं येतंच असं नाही, आणि न लिहिलेलंही पिशवीत सापडतं. म्हणून कुठल्याही बातमीत आधी क्रियापद बघा. ‘आणणार’, ‘मांडलं’, ‘मंजूर’, ‘संमती’, ‘लागू’ हे पाच वेगळे टप्पे आहेत. आपल्याकडे पाचांनाही ‘कायदा आला’ म्हणतात आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

भरती उतरल्यावर होडी लोटू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपण जागे होतो ते विधेयक सभागृहात मतदानाला येतं तेव्हा. दूरदर्शनवर खासदार बाकं वाजवताना दिसले की मग मोर्चा. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं.

विधेयकाचा जन्म मंत्रालयाच्या फायलीत होतो. खातं धोरण ठरवतं, इतर खात्यांची मतं मागवतं, कायदा मंत्रालयाचा विधायी विभाग कायद्याच्या भाषेत मसुदा बांधतो, मग मंत्रिमंडळाची मान्यता. शब्द अजून ओले असतात ते या काळात. केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण सांगतं की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि सूचना मागवाव्यात. हे धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे अनेकदा त्याला बगल दिली जाते. पण जेव्हा मसुदा ठेवतात, तेव्हा तो खात्याच्या संकेतस्थळावर कुठल्याशा कोपऱ्यात पडलेला असतो आणि आपण तिकडे ढुंकूनही पाहत नाही.

दुसरी संधी समितीत. संसदेच्या विभागसंबंधित स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मासेमारीचं खातं शेतीच्या समितीकडे येतं, बंदरांचं परिवहनाच्या. विधेयक समितीकडे गेलं की जाहीर सूचना निघते आणि लोकांकडून लेखी म्हणणं मागवलं जातं. मुदत थोडी असते. एकदा आम्ही असंच म्हणणं पाठवलं, छान टाइप करून, नकाशा जोडून. पोचलं तेव्हा समितीचा अहवाल सादर होऊनही गेला होता. सोसायटीच्या बैठकीत कोणाला अध्यक्षस्थान द्यायचं यावर आम्ही आठ दिवस घालवले होते. याचा दोष दिल्लीला कसा देणार?

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तरी त्यातल्या काही मंत्री स्वतःच दुरुस्ती म्हणून घेतात, आणि समितीतलं बोलणं पुढे चर्चेत विरोधकांच्या उपयोगी पडतं. प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच असंही नाही.

बंदरांचंच बघा. १९०८ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारं भारतीय बंदरे विधेयक लोकसभेत मांडलं गेलं २८ मार्च २०२५ ला. लोकसभेने ते मंजूर केलं १२ ऑगस्टला, राज्यसभेने १८ ऑगस्टला. मधे साडेचार महिने. आंब्याचा अख्खा हंगाम झाला, पेट्या गेल्या, पैसे आले, पेरण्याही उरकल्या. जयगड, दिघी अशी बंदरं असलेल्या या किनाऱ्यावर मी तरी त्या विधेयकाबद्दल पहिला शब्द ऐकला तो ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. या मधल्या काळात खासदाराच्या हातात कलमवार दुरुस्ती देता आली असती.

‘कलमवार’ हा शब्द महत्त्वाचा. सभागृहात विधेयकाची तीन वाचनं होतात. पहिल्यात ते फक्त मांडतात, तिसऱ्यात होय किंवा नाही. खरं काम दुसऱ्या वाचनात, जिथे एकेक कलम मताला टाकलं जातं. ‘कोकणी माणसाचा विचार करावा’ या वाक्याचं खासदार तिथे काय करणार? त्याऐवजी ‘अमुक कलमात “करू शकेल” आहे, तिथे “करील” हवं’ असं लिहून दिलंत तर तो त्याची दुरुस्ती-सूचना देऊ शकतो. सरकारची संख्या भक्कम असेल तर ती पडेल, पण नोंदीत राहील.

चुकीच्या दाराची कडी वाजवू नका

आमची माणसं समुद्र वावांत (दोन्ही हात पसरून होणाऱ्या मापात) मोजतात, कायदा सागरी मैलांत मोजतो. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याचा विषय, त्यापलीकडची केंद्राचा. राज्याचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. पर्ससीन (मासळीचा थवा वेढून ओढणारं मोठं जाळं) आणि एलईडी (दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणारी) मासेमारीवरून तंटे झाले, तेव्हा २०२१ मध्ये त्यातच दुरुस्ती झाली. म्हणजे मिनी पर्ससीनवाला तुमच्या जाळ्याजवळून मासळी ओढून नेत असेल तर खासदाराकडे जाऊन उपयोग नाही. आमदार गाठा, आणि लक्षात ठेवा की हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं. कोकणातून निवेदन घेऊन डिसेंबरात नागपूरला जाणं काय असतं ते जाऊन आलेल्यालाच ठाऊक, त्यामुळे मुंबईतल्या दोन अधिवेशनांवर भर द्या. विधान परिषदेतले कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघांचे आमदारही तुमचेच आहेत, त्यांच्याकडे मात्र कोणी फिरकत नाही.

याहून मोठा गोंधळ सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांचा. ‘सीआरझेड कायदा संसदेत बदला’ अशी मागणी मी स्वतः लिहिली आहे. सीआरझेड हा संसदेने मंजूर केलेला कायदा नाहीच. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली केंद्राने काढलेली ती अधिसूचना आहे. पहिली १९९१ ची, मग २०११, मग १८ जानेवारी २०१९. भरतीरेषेपासून ना-विकास क्षेत्र २०० मीटर की ५० मीटर, हे २०१९ च्या अधिसूचनेत गावच्या लोकसंख्येच्या घनतेवर ठरलं. चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर ५०. माडाच्या बागेत घर बांधणाऱ्यासाठी यापेक्षा मोठा फरक कुठला? पण यावर लोकसभेत मतदान झालं नाही, होण्याचं कारणही नव्हतं. मसुदा एप्रिल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकतींना ६० दिवस होते. दार तेच होतं, पर्यावरण मंत्रालयाचं.

खासगी विधेयकावर हार घालू नका, पण हसूही नका

‘आपले साहेब विधेयक आणतायत’ अशी बातमी आली की फटाके वाजतात. मंत्री नसलेल्या कोणाही खासदाराने आणलेलं विधेयक खासगी, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना. त्याला वेळ मिळतो शुक्रवारी दुपारनंतरचा. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकंच कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा आधी आकडा ऐका, मग हार आणा.

हे सांगितलं की तरुण पोरं म्हणतात, मग उपयोग काय? इथे मला कोकणाबद्दल थोडा अभिमान मिरवू द्या. खोतीखाली, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीखाली, इथली कुळं पिढ्यान्‌पिढ्या पिचत होती. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. खोती निर्मूलनाचा कायदा आला १९४९ मध्ये, बारा वर्षांनी. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै, जन्म वेंगुर्ल्याचा. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत; त्या निकालानंतर १९६७ मध्ये त्यांनी खासगी घटनादुरुस्ती विधेयक आणलं, की मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा अधिकार संसदेला असावा. तेही मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारनेच तो अधिकार संसदेकडे परत घेतला. त्या दुरुस्तीचं बरं-वाईट हा वेगळा वाद. पण सरकारला पुढे जे करावं लागलं त्याची चर्चा आधी एका कोकणी खासदाराच्या शुक्रवारच्या विधेयकावर झाली होती, हे खरं.

‘मंजूर’ आणि ‘लागू’ यांत गल्लत नको

काजू कारखान्यातल्या एका बाईने मला विचारलं होतं, ‘भाऊ, नवा मजुरीचा कायदा कधीच झाला म्हणतात, मग शेठ म्हणतो अजून नाही. खोटं कोण बोलतं?’ दोघंही खरं बोलत होते. चार कामगार संहितांपैकी वेतन संहिता संसदेने २०१९ मध्ये मंजूर केली, उरलेल्या तीन २०२० मध्ये. लागू झाल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ ला.

दोन्ही सभागृहांची मंजुरी, राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी होऊनही कायदा बासनात राहू शकतो, कारण कायद्यातच बहुधा लिहिलेलं असतं की केंद्र सरकार अधिसूचनेने नेमील त्या दिवशी तो अंमलात येईल. हे वाक्य पहिल्याच कलमात सापडतं. आमच्याकडे कलम म्हटलं की हापूसचं कलम डोळ्यांसमोर येतं. ते लावल्या दिवशी फळ देत नाही हे सांगावं लागत नाही, मग या कलमाकडूनच ती अपेक्षा का? नियम तयार व्हायचे असतात, त्यांच्या मसुद्यावरही हरकती मागवतात, आणि फॉर्म कोणता, फी किती, दाखला कोणाचा हा रोजचा छळ त्या नियमांतच ठरतो.

राज्यात तर आणखी एक खाच आहे. महिलांवरील अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजूर केलं. ते केंद्रीय कायद्यांना छेद देणारं असल्याने राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही. पेढे मात्र वाटून झाले होते.

आणखी थोडं, घाईघाईत

वटहुकूम हा पूर्ण ताकदीचा कायदा असतो, पण उधारीवरचा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने तो मंजूर केला नाही तर संपतो. ज्यांचं घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी ही वाट लोकशाहीला धरून नाही असं पंडित नेहरूंना कळवलं होतं. त्यानंतरही ती वाट ओस पडलेली नाही.

अधिवेशन संपलं म्हणून विधेयक बारगळत नाही, पुढच्या अधिवेशनात ते तिथूनच उचलतात. लोकसभा विसर्जित झाली तर मात्र तिच्यासमोरची विधेयकं जातात. धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलचं) असेल तर राज्यसभेच्या हातात फक्त १४ दिवस, आणि तिच्या सूचना लोकसभेने नाकारल्या तरी चालतात. खासदाराने ‘आपल्याविरुद्ध मत दिलं’ म्हणून त्याच्या दारात घोषणा देण्याआधी पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश, होता का ते विचारा. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. मतदानाच्या दिवशी त्याला धरून काही साधत नाही, त्याला धरायचा तो पक्षाची भूमिका ठरण्याआधी.

तात्या अजूनही पहिल्या पावसाबरोबर मोबाइल घेऊन पडवीत येतात. फक्त हल्ली छत्री मिटवून कोपऱ्यात उभी करतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, ‘मांडल्यानी काय, की नुसताच यादीत आसा?’