दोन किंकाळ्यांच्या मधली वाट

ओस्लोला येणारा प्रत्येक पाहुणा मला हमखास विचारतो, "ते किंकाळीचं चित्र नक्की आहे कुठे? कोणी म्हणतं मुंक म्युझियममध्ये, कोणी म्हणतं नॅशनलमध्ये." दोघांचंही बरोबर आहे. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने 'किंकाळी' (इंग्रजीत 'द स्क्रीम') हे चित्र एकदाच काढलं नाही. १८९३ सालचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं चित्र नॅशनल म्युझियममध्ये आहे. नंतरचं रंगवलेलं एक, रंगीत खडूंनी काढलेलं एक आणि दगडावरून छापलेले ठसे मुंक म्युझियमकडे आहेत. दोन्ही म्युझियमं बंदराच्या काठावर, एकमेकांपासून जेमतेम तासाभराच्या सावकाश चालीवर. पहिल्या पाहुण्यांना मी ट्रॅमने नेलं होतं. संध्याकाळी कुठलं चित्र कुठे पाहिलं हे त्यांनाच आठवेना. आता कोणीही आलं तरी मी चालतच नेते. गेल्या सप्टेंबरात आईला नेलं. तिने कोल्हापुरात तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, गुडघे आता कुरकुरतात, तरी ती पूर्ण वाट चालली. तिच्या चालीनेच ही वाट सांगते.

सोमवार टाळा, नॅशनल म्युझियम सोमवारी सहसा बंद असतं. सुरुवात मुंक म्युझियमपासून करा, दार उघडायच्या वेळेलाच. ब्योरविका भागातली ही १३ मजली इमारत वरच्या बाजूला पुढे झुकलेली आहे, त्यामुळे लांबूनही चुकत नाही. २०२१ साली उघडली. मुंकने मृत्युपत्रात आपल्याजवळची सगळी चित्रं ओस्लो शहराला देऊन टाकली होती, त्यांचं हे घर.

किंकाळीची खोली मुद्दाम अंधारी ठेवली आहे. रंगवलेलं, खडूचं आणि छापील अशी तीन रूपं तिथे तीन भिंतींवर आहेत, पण एका वेळी एकच उघडं असतं. बाकीची दोन काळ्या झडपांमागे विसावतात, कारण कागद आणि पुठ्ठा सतत उजेड सोसत नाहीत. ठरावीक वेळाने एक झडप बंद होते, दुसरी उघडते. म्हणून आल्याआल्या एकदा बघा, बाकीचे मजले फिरा आणि परत या. रंगवलेलं रूप उघडं असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्याकडे नीट बघा, तिथे ओल लागल्याचा डाग आहे. २००४ साली बंदूक दाखवून हे चित्र जुन्या म्युझियममधून दिवसाढवळ्या पळवलं होतं. दोन वर्षांनी मिळालं ते हा डाग घेऊनच. आई त्या कोपऱ्यापाशी इतका वेळ उभी राहिली की मागच्या माणसाला मी दोनदा सॉरी म्हटलं.

वर 'सूर्य' नावाचं भिंतभर चित्र आहे, तेही चुकवू नका. त्याचं कारण वाटेत येईल.

बाहेर पडलात की लगेच शेजारच्या ऑपेरा हाऊसकडे वळू नका. आधी इमारतीच्या पाण्याकडच्या बाजूला जा. तिथल्या धक्क्यावर ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिनचं 'आई' नावाचं ब्राँझचं शिल्प आहे, नऊ मीटर उंच. गुडघ्यांवर बसलेली, अंगावर काही नसलेली, वय झालेली बाई, तोंड फ्योर्डकडे, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राकडे. मुंक पाच वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली. या धक्क्याला त्याच्या धाकट्या बहिणीचं, इंगरचं नाव आहे. माझ्या आईने शिल्पाला पूर्ण फेरी मारली आणि मागच्या बाजूला मातीत उमटलेल्या बोटांच्या खुणा मला दाखवल्या. ब्राँझ ओतलं तरी मूळ मातीतला हात तसाच राहिलाय.

तिथूनच पाण्यापलीकडे झाडांनी भरलेली टेकडी दिसते, ती एकेबर्ग. मुंकने स्वतःच लिहून ठेवलंय की तो दोन मित्रांबरोबर रस्त्याने चालला होता, सूर्य मावळत होता, आकाश एकदम रक्तासारखं लाल झालं. तो थकून कठड्याला टेकला, मित्र पुढे चालत राहिले, आणि त्याला सगळ्या निसर्गातून आरपार जाणारी किंकाळी जाणवली. तो रस्ता या टेकडीवरचा. चित्रातलं वळणदार पाणी म्हणजे तुमच्या पायाशी असलेला हाच फ्योर्ड. ज्या चित्राचा जन्मच चालताना झाला, ते बघायला ट्रॅमने कशाला जायचं?

आता पाणी डाव्या हाताला ठेवून निघा. पुढची पूर्ण वाट ही एवढीच खूण पुरते. छोट्या पुळणीवरून पाच मिनिटांत ऑपेरा येतं. २००८ साली उघडलेली ही पांढरी इमारत थेट पाण्यातून वर चढते, छतावर कोणीही चालत जाऊ शकतं, तिकीट नाही. फरशी इटलीतल्या करारा संगमरवराची आहे आणि ओली असली की फार घसरते, शिवाय मध्येच उंचवटे आहेत. रबरी तळव्याचे बूट घाला. हिवाळ्यात बर्फ असेल तर वर चढूच नका. आई निम्म्या उतारापर्यंत आली आणि तिथेच बसली. तिथूनही समोर पाण्यात काचा-पोलादाचं तरंगतं शिल्प दिसतं, भरतीओहोटी आणि वाऱ्याबरोबर हळूहळू फिरणारं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथेच खाल्ली. कागद, डबा काही मागे ठेवू नका. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, इथलं नळाचं पाणी उत्तम असतं, म्युझियममध्येच भरून घ्या.

ऑपेरानंतर दोन रस्ते. उजवीकडचा जुन्या शहरातून, रोडहूसगाता या रस्त्याने सरळ जातो. जवळचा आहे, पाऊस असेल तर तोच घ्या. १६२४ च्या आगीनंतर राजा चौथ्या ख्रिस्तियनने हे शहर आखून नव्याने वसवलं, म्हणून रस्ते काटकोनात आहेत. पण हवा बरी असेल तर डावीकडचा घ्या, धक्क्याधक्क्याने वळसा घालून, विप्पेतांगेनच्या टोकावरून. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, चढ मात्र अजिबात नाही. टोकाला वारा सणकून लागतो, मे महिन्यातही कानटोपी पिशवीत असू द्या. वळण घेतलं की उजव्या हाताला वर अकेर्सहूस किल्ला, खाली कधीकधी दहा मजली क्रूझ जहाज उभं. किल्ला तेराव्या शतकाच्या अखेरीचा. आवारात जायला पैसे पडत नाहीत, गुडघे धड असतील तर जरूर चढा. आम्ही खालूनच पाहिला. आई म्हणाली, "पन्हाळ्याला हातात काठी होती, इथे तू आहेस," आणि पुढे निघाली.

किल्ल्याची भिंत संपते तिथे रोडहूसचं पटांगण लागतं. विटांचे दोन चौकोनी मनोरे म्हणजे ओस्लोचं नगरभवन, १९५० सालचं. आत जाता आलं तर जा, सहसा फुकट असतं. शांततेचं नोबेल दर १० डिसेंबरला इथल्या मोठ्या दालनात देतात. २०१४ साली कैलाश सत्यार्थी इथेच उभे होते. मदर तेरेसांना मात्र १९७९ मध्ये ते इथे मिळालं नाही. तेव्हा समारंभ जवळच्या विद्यापीठाच्या सभागृहात होत असे, आणि त्या सभागृहाच्या भिंतींवर मुंकचीच चित्रं आहेत, मधोमध 'सूर्य'. सकाळी पाहिलेलं भिंतभर चित्र त्याच सूर्याचं भावंड.

इथवर पाय बोलायला लागले असतील तर पटांगणातून १२ नंबरची ट्रॅम जाते, पण नॅशनल म्युझियम आता पाच मिनिटांवर आहे. पिवळसर जुन्या रेल्वे स्टेशनात नोबेल पीस सेंटर आहे, त्याच्या मागची करड्या दगडाची लांबलचक इमारत तेच. २०२२ साली उघडली. मोठी पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते. बाकी दालनं फार मोठी आहेत, ती नंतर. थकायच्या आत वरच्या मजल्यावर मुंकच्या खोलीत जा.

तिथे आधी 'आजारी मुलगी' बघा. मुंकची थोरली बहीण सोफी पंधराव्या वर्षी क्षयाने गेली, तिच्या आठवणीतलं हे चित्र १८८५-८६ मधलं. रंग थरावर थर चढवून पुन्हा खरवडलाय, ओरखडे स्पष्ट दिसतात. आई हळूच म्हणाली, "शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी कागद बदलून दिला असता गं."

मग किंकाळी. बहुतेक लोक मोबाइल वर धरून अर्ध्या मिनिटात निघून जातात. तुम्ही गर्दी सरकेपर्यंत थांबा आणि तीन गोष्टी शोधा. एक, हा कॅनव्हास नाही, साधा पुठ्ठा आहे, आणि न रंगवलेला पुठ्ठा कित्येक जागी तसाच दिसतो. दोन, खाली, आकृतीच्या हाताजवळ पांढरे शिंतोडे आहेत. पक्ष्याची विष्ठा असेल असं बरीच वर्षं मानत, मग तपासणीत ते मेणबत्तीचं मेण निघालं. कामाच्या खोलीत कधीतरी मेणबत्ती फुंकली असेल. तीन, वर डाव्या कोपऱ्यात, लाल ढगावर पेन्सिलीने बारीक लिहिलंय की हे वेड्या माणसानेच काढलं असणार. कोणा चिडलेल्या प्रेक्षकाचं काम असावं असं लोक समजत होते. २०२१ साली म्युझियमने अक्षर ताडून सांगितलं की ते खुद्द मुंकचं आहे.

आईला ती ओळ चष्मा लावूनही दिसली नाही. ती भलतंच बघत होती, डावीकडे मागे, कठड्याजवळच्या दोन काळ्या बारीक आकृत्या. "मित्र ते हेच ना?" म्हणाली. "बघ, एकानेही मान वळवलेली नाही."