शिंगाडा पाळीवरून बघू नका, डोंगा काढा

श्रावणात उघडीप पडली की शिंगाड्यावर भुंगेरा चढतो. भंडारा-गोंदियाच्या बोड्यांत, म्हणजे लहान तलावांत, दरवर्षी तेच पाहतो. शेतकरी पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभा राहून म्हणतो, "हिरवंगार आहे ना!" पाळीवरून हिरवंच दिसतं. पानांची जाळी झालेली तिथून दिसू लागते, तेव्हा निम्मं पीक गेलेलं असतं.

म्हणून आठवड्यातून दोनदा डोंगा (छोटी होडी) किंवा हवा भरलेली ट्यूब घेऊन आत जा. पानावर फिकट पिवळे अंडीपुंज किंवा काळपट अळ्या दिसल्या, तर ते पान तोडून पिशवीत घ्या आणि काठावर पुरा. तोडलेलं पान पाण्यात टाकू नका. माझा अंदाज असा की भुंगेरा आधी काठालगतच्या वेलींवर बसतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

प्रादुर्भाव वाढला तर 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, 200 ग्रॅम साबणाचं पाणी मिसळून 100 लिटर करा. संध्याकाळी फक्त पानांवर फवारा. दुकानदार सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची बाटली पुढे करेल, घेऊ नका. ते माशांना जहाल विष आहे, आणि त्याच पाण्यात रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) असतात. शिंगाड्याचे पैसे वाचवायला जाऊन मासळी घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

बाकीची कामं:
- बेशरम, जलपर्णी ही तणं उपटणे
- दाट वेल विरळ करणे
- ऑक्टोबरपासून 8-10 दिवसांनी तोडणी
- बियाण्याचे शिंगाडे पाण्यातच ठेवणे (वाळले की उगवत नाहीत)

विरळणी करताना मध्ये मोकळ्या पाण्याचे पट्टे सोडाच. शिंगाड्याचं तरंगतं पान प्राणवायू हवेत सोडतं, पाण्यात नाही. तलाव पूर्ण झाकला तर मासे गुदमरतात. बेतशीर वेल असली तर याच पानांखाली बोटुकलीला सावली आणि आसरा मिळतो. पांढरं फूल पाण्यावर उमलतं, फळ धरलं की देठ वाकून पाण्यात शिरतो. फुलं असताना वेली ओढू नका.

पानांवर तपकिरी, चकचकीत चार अंडी दिसली तर ती कमळपक्ष्याची. नर ती उबवतो. तेवढा भाग सोडून डोंगा फिरवा. हा पक्षी किडे वेचून खातो.

आणि शेवटची तोडणी झाली की जुनी वेल काठावर कुजत ठेवू नका. पुढच्या पावसाळ्यातला भुंगेरा त्यातच दडून राहतो, असं मला वाटतं. ती बाहेर काढून खताच्या खड्ड्यात टाका.