बालहार्मोनच्या शाखेत येताय? या चुका टाळा

बालरोगाचं शिक्षण संपवून हार्मोन आणि चयापचयाच्या आजारांकडे वळलेले तरुण डॉक्टर माझ्याकडे शिकायला येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचे प्रश्न असतात इन्सुलिन पंपाबद्दल, नाहीतर एखाद्या नव्या इंजेक्शनबद्दल. मी त्यांना उंची मोजायला बसवते. बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण इतक्या वर्षांत मी जे घोटाळे निस्तरले, त्यातले बहुतेक साध्या कामातल्या घाईचे होते. तेच ते पुन्हा बघवत नाही, म्हणून लिहिते आहे.

उंची घाईत मोजणं

बूट काढले, पट्टीला उभं केलं, आकडा लिहिला, पुढचा पेशंट. असा आकडा फाइलमध्ये न लिहिलेला बरा. टाचा, नितंब आणि पाठ पट्टीला टेकलेली हवी, डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत हवं. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजतात, नंतर उभं करून. या दोन मापांत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे दोन वर्षांच्या कितीतरी मुलांची वाढ अचानक थांबल्यासारखी दिसते. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे संध्याकाळी उंची जवळपास एक सेंटिमीटर कमी भरते.

एका सेंटिमीटरचं एवढं काय, असं वाटतं ना? साधारण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. तीन महिन्यांच्या अंतराने मोजलं आणि एक सेंटिमीटर चुकलं, तर वर्षाच्या हिशोबात ती चूक चार सेंटिमीटरची होते. छान वाढणारं मूल कागदावर खुंटतं.

हे मी एका आठ वर्षांच्या मुलीकडून शिकले. चण लहान, बाकी तब्येत उत्तम. सहा महिन्यांत तिची उंची एक सेंटिमीटरही वाढलेली दिसेना. मी क्लोनिडिन, म्हणजे ग्रोथ हार्मोन सुटायला लावणारं औषध, देऊन ग्रोथ हार्मोनची चाचणी करायला सांगितली. उपाशीपोटी आलेली ती पोर, हाताला सुई, दर अर्ध्या तासाला रक्त. औषधाने रक्तदाब उतरला आणि ती दिवसभर आईच्या मांडीवर पेंगत पडून राहिली. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या जरासा खाली आला. निरोगी मुलांपैकीही बरीच या चाचणीत मर्यादेखाली येतात हे मला माहीत होतं, तरी उंचीचा आकडा आणि हा आकडा एकमेकांना दुजोरा देतायत असं मी मानलं. रोजचं इंजेक्शन, तेही पुढची काही वर्षं, असं मी आईवडिलांना सांगणारच होते. तेवढ्यात आमच्या सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, मागच्या वेळी हिच्या डोक्यावर अंबाडा होता. मीच मोजलं होतं, सोडायला लावला नव्हता.”

जवळजवळ दोन सेंटिमीटरचा अंबाडा. आम्ही इंजेक्शनचा विचार सोडला, आणि पुढच्या सहा महिन्यांत ती तीन सेंटिमीटर वाढली. तिच्या ग्रोथ हार्मोनला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. केस मोकळे करायचे, तीन वेळा मोजायचं, दर वेळी मुलाला पट्टीपासून दूर करून पुन्हा उभं करायचं आणि सरासरी लिहायची. शेजारी वेळही लिहायची. सहा महिन्यांपेक्षा कमी अंतरावरून वाढीचा वेग मी काढत नाही, आईवडील कितीही अधीर असले तरी. आईवडिलांची उंचीही विचारत नाही, मोजते. वडिलांनी सांगितलेली उंची आणि पट्टीवरची उंची यांत फरक पडला की मुलाच्या अपेक्षित उंचीचा सगळा हिशोब चुकतो.

ग्रोथ हार्मोन शरीरात झटक्याझटक्याने सुटतं, म्हणून केव्हाही काढलेल्या एका रक्ताच्या नमुन्यावरून त्याची कमतरता ठरत नाही. एका नवजात वयातला कमी शुगरचा प्रसंग सोडला, तर ही तपासणी लिहूच नका.

“जेवला नाही, म्हणून इन्सुलिन दिलं नाही”

टाइप १ मधुमेहाच्या मुलाला ताप येतो, उलट्या होतात. आई घाबरते. पोटात काही नाही, मग इन्सुलिन दिलं तर शुगर उतरेल, म्हणून ती इंजेक्शन टाळते. तिचा तर्क चुकीचा असला तरी समजण्यासारखा आहे. पण आजारपणात शरीराला इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. ते मिळालं नाही की चरबी वितळून कीटोन नावाची आम्लं साचतात, त्या कीटोनमुळे उलट्या आणखी वाढतात, आणि मूल खोल, भराभर श्वास घेत आयसीयूत पोहोचतं. जेवणाआधीचा डोस खाण्याप्रमाणे कमीजास्त करता येतो. चोवीस तासांचं, पायाभूत इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही.

अशी मुलं दाखल झाली की ज्युनिअर डॉक्टर आईला रागावतात. ते मला सहन होत नाही. मी फाइल काढून बघते, मागच्या डिस्चार्जच्या वेळी हे तिला कोणी सांगितलं होतं का? बहुतेकदा कागदावर ‘आजारपणाचे नियम समजावले’ एवढं एक वाक्य असतं. समजावलं म्हणजे काय केलं? मी आईलाच विचारते, “ताई, उद्या याला उलट्या झाल्या तर काय कराल, मला सांगा.” ती अडखळली, तर माझं समजावणं अपुरं होतं. पायाभूत इन्सुलिन चालू, दर दोन-तीन तासांनी शुगर, लघवीत किंवा रक्तात कीटोन, घोटघोट पाणी, आणि उलटी थांबत नसेल तर लगेच दवाखाना. हे सगळं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सुट्टी देत नाही.

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला मधुमेहासाठी पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि शुगर उतरली. त्याआधी या मुलांना अर्धपोटी ठेवून फक्त दिवस ढकलत. आज औषध हाताशी असताना एका वाक्याअभावी मूल जावं, याचा मला राग येतो.

आणि निदानाच्या वेळची चूक: धापा टाकणारं मूल आलं की न्यूमोनिया किंवा दमा गृहीत धरणं. छाती स्वच्छ असेल आणि आई म्हणत असेल की अंथरूण ओलं करणं सुटलं होतं, पुन्हा सुरू झालं, तर आधी बोटातून शुगर बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ग्लुकोज आधी, नमुना नंतर

शुगर ५० च्या खाली गेलेलं बाळ आलं की सगळे ग्लुकोजकडे धावतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच सुईतून ग्लुकोजच्या आधी रक्त घेतलं नाही, तर कारण हातातून निसटतं. त्या क्षणी इन्सुलिन किती होतं, कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन) आणि ग्रोथ हार्मोन वाढले होते का, कीटोन तयार झाले होते का, हे नंतर कळत नाही. शुगर एवढी उतरली असताना रक्तात इन्सुलिन सापडतं, तेव्हा ती एकच नळी निदानाचा रस्ता दाखवते. मी लागणाऱ्या सगळ्या नळ्या एका पिशवीत भरून वॉर्डात टांगून ठेवते. अमोनियाची नळी बर्फात, ताबडतोब लॅबला. आणि सुई सापडत नसेल तर नमुन्याचा नाद सोडून ग्लुकोज द्या. मेंदू थांबत नाही.

थोडक्यात

थायरॉइड तपासताना फक्त टीएसएच, म्हणजे पिट्युटरीतून थायरॉइडला मिळणारा हुकूम, मागवू नका. पिट्युटरीतच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतच, बिघाड असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतो; फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, सोबत हवंच. पिट्युटरीची शंका असेल तर थायरॉक्सिन सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल बघा.

थायरॉइड जन्मतःच कमी असलेल्या बाळाला रोज प्रतिकिलो १० ते १५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागतं. ‘छोट्या डोसने सुरुवात करून बघू’ म्हणत घालवलेले आठवडे मेंदू परत देत नाही. गोळी चुरून चमच्यात द्यायची. पूर्ण बाटलीत मिसळली आणि बाळाने अर्धी प्यायली, तर डोसही अर्धाच गेला.

कॉर्टिसॉल कमी म्हणून हायड्रोकॉर्टिसोनवर असलेल्या मुलाला ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट, उलटी झाली की इंजेक्शन. आईने ते स्वतः टोचायला शिकलेलं असलं पाहिजे.

बाळाचं लिंग स्पष्ट दिसत नसेल तर प्रसूतिगृहात ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणू नका, ‘तुमचं बाळ’ म्हणा. आणि अशा बाळाच्या शरीरातलं मीठ घसरू शकतं, म्हणून सोडियम-पोटॅशियमवर लक्ष ठेवा.

शेवटची चूक, जी मला रोज दिसते. शुगर चढती आहे म्हणून इन्सुलिनचा डोस वाढवत जायचं आणि टोचायची जागा कधी हाताने चाचपायचीच नाही. बेंबीच्या बाजूला रबरासारखी गाठ लागते. मुलं तिथेच टोचतात, कारण तिथे दुखत नाही. त्या गाठीतून इन्सुलिन वेडंवाकडं शोषलं जातं. जागा बदलायला लावली की तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर धाडकन उतरू शकते. म्हणून त्या दिवशी मी डोस थोडा कमी करते आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून रात्रीची शुगर विचारते.