चार्ज देण्याआधी माणसांची वही लिहा

पोलीस केंद्राचा चार्ज देताना हत्यारं, राऊंड म्हणजे काडतुसं, मॅग्झिन, वायरलेस संच, दुर्बिणी, जॅकेटं यांची यादी छापील असते. नंबर जुळवायचे, सही घ्यायची. राऊंड मात्र घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं मोजावेत.

आता खरं काम. गडचिरोलीतल्या पोलीस मदत केंद्राचा चार्ज सोडणार असाल तर निघायच्या पंधरा दिवस आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि गाववार माणसं लिहायला बसा. कोणत्या गरोदर बाईचे दिवस भरत आलेत. दादालोरा खिडकीतून, म्हणजे केंद्रावर लोकांचे सरकारी अर्ज भरून देतात तिथून, कोणाच्या पोराचा जातीच्या दाखल्याचा अर्ज गेलाय आणि पावती कुठल्या फायलीत आहे. मलेरियाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या कोणाला चालू आहेत आणि आज कितवा दिवस आहे. ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात आणि काही महिन्यांनी तोच ताप उलटतो, म्हणून दिवससुद्धा लिहायचा.

मी ही वही केली नव्हती. एटापल्ली तालुक्यात होतो. मी आणि राखीव दलाची प्लाटून एकाच आठवड्यात बदललो. अर्ध्या दिवसात चार्ज दिला, सगळे आकडे जुळले. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एक बाई नवव्या महिन्यात होती. तिच्या सासऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, कळा सुरू झाल्या की रात्री कितीही वाजता या, लांबूनच बॅटरी तीनदा वरखाली करा, मी वायरलेसवरून गाडी मागवतो. हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी निघून गेलो. दहा-बारा दिवसांनी ते खाट खांद्यावर घेऊन आले. नव्या पहारेकऱ्याला अंधारात पाच-सहा माणसं आणि हलणारी बॅटरी दिसली. त्यानं पहाऱ्याच्या मोर्चातून त्यांना जागीच थांबवलं. तिथली माडिया भाषा जाणणारी स्थानिक पोरं त्या रात्री गस्तीवर होती, आतल्या कोणाला काही कळेना. उजाडायच्या आत बाई खाटेवरच बाळंत झाली. आई आणि लेकरू दोघंही वाचले. पहारेकऱ्याची काही चूक नव्हती. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि त्यानं गोळी झाडली नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पुढं साक्षीसाठी जिल्ह्यात आलो तेव्हा त्या म्हाताऱ्याला भेटलो. तो एवढंच म्हणाला, "तुमी सांगतलं होतं न जी." त्या टोल्यावरचं कोणी नंतर वर्षभर केंद्रावर आलं नव्हतं.

म्हणून लिहा. "तोंडी सांगेन" म्हणू नका. चार्जच्या दिवशी दहा माणसं दहा गोष्टी विचारतात आणि तोंडी गोष्ट राहून जाते. लिहिलेली वही घेऊन नव्या अधिकाऱ्याला जवळच्या गावांत स्वतः घेऊन जा, भूमियाशी, म्हणजे गावप्रमुखाशी, बसवा. रात्री यायची खूण नव्या अधिकाऱ्यानं नवी ठरवावी आणि जुनी बंद झाली हे गावाला त्याच्यासमोर सांगा. जिचे दिवस पावसाळ्यात भरणार आहेत तिला आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, पोचवायचं ठरवून टाका.

एक मात्र वहीत कधीही नको: बातमी देणाऱ्याचं नाव. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून या जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी माणसं मारली आहेत. ते नाव कागदावर नाही, वायरलेसवर नाही, चार जणांसमोरही नाही.

गेल्या महिन्यात गस्त कुठल्या वाटांनी गेली हे नकाशावर दाखवा. नवा माणूस मळलेली वाट धरतो, कारण ती सोपी दिसते. सुरुंग तिथंच पेरतात.

पावसाळ्याच्या तोंडावर चार्ज असेल तर धान्य, डिझेल, औषधं नव्या अधिकाऱ्यासोबत कोठारात उभं राहून बघा. पर्लकोटा नदीच्या जुन्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटायचं, आतल्या नाल्यांची तीच गत. कुठला नाला किती पावसात बंद होतो तेही वहीतच लिहा. केंद्रावरची कुत्री नव्या जवानांच्या हातून दोन दिवस खाऊ द्या. रात्री पहिली तीच उठतात.

निघताना गाडीचा हट्ट नको. रस्ता तपासून झाल्याशिवाय कोणी चढायचं नाही, घरी लग्न असलं तरी. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याजवळ खासगी गाडीतून जाणारे 15 जवान आणि चालक सुरुंगात गेले.

घरी पोचल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा, गडचिरोलीहून आलोय, मलेरिया तपासा.

स्टेशन डायरीत नोंद, किल्ल्या, मेसचा हिशेब, झालं.

आणि वही. तिच्या पहिल्या पानावर स्वतःचा मोबाईल नंबर लिहा आणि निदान दोन महिने तो बंद ठेवू नका.