कोरकू घरातील मुलांना इंग्रजी शिकवताना

मेळघाटातील कोरकू घरातले मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा त्याला एकाच वेळी दोन नव्या भाषांना सामोरे जावे लागते: शाळेची मराठी, आणि महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच शिकवली जाणारी इंग्रजी. कोरकू ही मराठीहून वेगळ्या, मुंडा नावाच्या भाषाकुळातली भाषा असल्याने मराठीचाही आधार त्याला आपोआप मिळत नाही. म्हणून इंग्रजीची सुरुवात घरच्या भाषेपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

पाण्याचा तांब्या समोर ठेवून आधी ‘डा’, मग ‘पाणी’ आणि त्यानंतर ‘वॉटर’ म्हणावे. शिक्षकांना कोरकू येत नसेल तर मुलांनाच शब्द विचारावा आणि तो देवनागरीत फळ्यावर लिहावा. सुरुवातीचे काही आठवडे ‘स्टँड अप’, ‘कम हिअर’ अशा सूचना कृतीसह ऐकवाव्यात, पण बोलण्याची सक्ती करू नये; गप्प असलेले मूल ऐकत असते, त्याला मंद समजणे हा अन्याय आहे.

वाक्ये शिकवताना मुलाला काय येते याचा विचार आधी करावा. कोरकू आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. शब्दांच्या पट्ट्या जमिनीवर मांडून त्यांची जागा मुलांकडूनच बदलून घेतली, तर हा फरक व्याख्येविना कळतो. ‘वुई’ शिकवताना अधिक वेळ द्यावा. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद कोरकूतही आहे, शिवाय तिथे दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे. त्यामुळे ‘वुई म्हणजे नेमके कोण?’ हा मुलाचा प्रश्न त्याची समज दाखवतो, आणि त्याचे उत्तर चित्रे काढून द्यावे.

स्पेलिंगची घाई करू नये. एकच ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ आणि ‘सिटी’मध्ये ‘स’ होते, ही विसंगती देवनागरी वाचन पक्के झालेल्या मुलाला अधिक सहज पेलते.

आईवडिलांनी घरी मोडकी इंग्रजी बोलण्याची गरज नाही. त्यांनी कोरकूतच गोष्टी सांगाव्यात, शेतातल्या कामाविषयी बोलावे, आणि संध्याकाळी ‘आज कोणता नवा शब्द शिकलास?’ एवढे विचारून तो मुलाकडून स्वतः शिकून घ्यावा.